‘मला नाही येत’ म्हणणारं मूल आणि खेळाची खोली

प्रश्न सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या एका आईचा आहे. थोडक्यात असा: मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरीत. चित्र काढायला बसतो, एक रेघ वाकडी गेली की कागद चुरगळून टाकतो. उत्तर येत असलं तरी वर्गात हात वर करत नाही. काहीही नवीन समोर आलं की ‘मला नाही येत’ हे पालुपद. बाई म्हणतात कॉन्फिडन्स कमी आहे, आजी म्हणतात लाडावून ठेवलाय, ऑफिसातल्या मैत्रिणीनं प्ले थेरपी, म्हणजे खेळातून केला जाणारा खेळोपचार, सुचवली. ‘पण खेळून आत्मविश्वास कसा येणार? खेळतो तर तो घरीही. त्यापेक्षा सुट्टीत व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला घातलं तर?’

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. शिबिर नको. निदान आत्ता नको. अशा बऱ्याच शिबिरांत पहिल्याच दिवशी पोरांना माइकसमोर उभं करून स्वतःची ओळख करून द्यायला लावतात. ज्याला ते जमतं त्याला मजा येते, त्याला शिबिराची गरजही नसते. ज्याला जमत नाही त्याच्याकडे ‘मला नाही येत’चा आणखी एक पुरावा जमा होतो, तोही चाळीस जणांच्या साक्षीनं. बारा-तेराव्या वर्षी तो आपणहून जातो म्हणाला तर खुशाल पाठवा.

आता कागदाचं. तुम्ही लिहिलंत त्यात मला सगळ्यात बोलकं वाटलं ते हे चुरगळणं. ज्याला चित्राचं काही पडलेलं नाही तो कागद चुरगळत नाही, तो अर्धवट टाकून खेळायला पळतो. तुमच्या मुलाच्या डोक्यात एक परीक्षक बसलाय आणि तो फार कडक आहे. रेघ पुरी व्हायच्या आत त्याचा निकाल लागलेला असतो. हा परीक्षक कुठून आला याचा शोध घेऊन कुणाला दोष देण्यात अर्थ नाही, काही मुलं स्वभावानंच अशी असतात. पण आपण मोठी माणसं त्याला खाऊ-पिऊ घालतो हेही खरं. ‘छान काढलायस हत्ती, पण शेपूट कुठाय?’ आपण पुणेकर तर सूचनेची पाटी लावल्याशिवाय राहत नाही, मग मुलाचं चित्र तरी कसं सुटेल.

आणि फक्त टीकेनंच नाही, कौतुकानंही तो परीक्षक पोसला जातो. हे मी पुस्तकात वाचून नाही, फजिती करून घेऊन शिकले. खेळोपचाराचं काम सुरू करून मला दुसरंच वर्ष होतं. सहा वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर घर काढत होती. कौलं, तुळस, दारात मांजर. मी न राहवून म्हटलं, ‘अगं बाई, किती सुंदर!’ तिनं माझ्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, काळा खडू उचलला आणि घरावरून असा फिरवला की मांजरसुद्धा उरलं नाही. मी चक्रावले. माझं काम तपासणाऱ्या ज्येष्ठ बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘चित्र कसं आहे असं तिनं तुला विचारलं होतं का?’

विचारलं नव्हतं. न मागता मी निकाल देऊन टाकला होता. निकाल चांगला होता, पण आज जी बाई सुंदर म्हणते ती उद्या वाईटही म्हणू शकते, हे सहा वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं. पुढे २०१४ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला तो वाचताना मला ते काळं घर आठवलं. मुलांनी व्हॅन गॉगच्या एका चित्राची नक्कल करायची होती. काहींना सांगितलं ‘सुंदर चित्र आहे’, काहींना ‘कमालीचं सुंदर चित्र आहे’, काहींना काहीच नाही. नंतर पुढची चित्रं निवडायला दिली, सोपी आणि अवघड. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात कमी होतं त्या मुलांना ‘कमालीचं’ म्हटलं की ती अवघड चित्रापासून लांब राहिली. म्हणजे ज्याला आपण सगळ्यात जास्त चढवायला जातो, तोच जास्त दबतो. एवढी मोठी स्तुती पुढच्या वेळी टिकवायची कशी, ही धास्ती.

मग गप्पच बसायचं का? तसंही नाही. मी जे दिसतं ते बोलते. ‘छताला आधी लाल लावलास, आता वरून तपकिरी लावतोयस.’ ‘हा मनोरा पडत होता, तू खाली मोठा ठोकळा घातलास.’ पहिल्यांदा ऐकताना हे वेडगळ वाटतं, क्रिकेटची कॉमेंटरी केल्यासारखं. पण मुलाला त्यातून दोन गोष्टी पोचतात. कुणीतरी आपल्याकडे नीट बघतंय आणि तरीही मार्क देत नाहीये. ‘कसं झालंय?’ असं त्यानं विचारलंच तर मी म्हणते, ‘तुला कसं वाटतंय?’ आठ-दहा वेळा तो वैतागतो. मग एक दिवस म्हणतो, ‘मला हा डोंगर आवडला, नदी नाही आवडली.’ परीक्षक अजून आहेच, पण आता तो मुलाच्या बाजूला येऊन बसलाय.

‘खेळतो तर घरीही’ या तुमच्या शंकेचं उत्तर एका डब्यात आहे. प्लॅस्टिकचा, मातीचा गोळा ठेवलेला, घट्ट झाकणाचा डबा. माझ्या खोलीत तो मुद्दाम तसाच ठेवलेला असतो. आठ वर्षांचा एक मुलगा यायचा. पहिले तीन आठवडे त्यानं कशालाही हात लावला नाही, प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून ‘हे घेऊ?’ विचारायचा. मी म्हणायचे, ‘इथे काय घ्यायचं ते तू ठरवायचं.’ चौथ्या वेळी त्यानं तो डबा घेतला, झाकणाशी एकदा खाटखूट केली आणि माझ्यासमोर धरला. ‘उघडून द्या.’ मी म्हटलं, ‘तुला तो उघडायचाय.’ हात मांडीवर. त्यानं नखं घालून बघितली. शर्टाच्या टोकानं धरून बघितलं. दात लावले. दोनदा माझ्याकडे रागानं पाहिलं. ‘अवघड जातंय, पण तू सोडलं नाहीयेस,’ एवढंच मी बोलले. शेवटी त्यानं झाकणाची कड टेबलाच्या कोपऱ्यावर दाबली आणि फट् आवाज झाला. यात चार मिनिटं गेली असतील. तुम्ही घड्याळ लावून चार मिनिटं असं बसून बघा, हात कसे शिवशिवतात ते. मग त्यानं काय केलं? मातीला हात न लावता झाकण परत लावलं आणि परत उघडलं. सहा वेळा. त्या दिवशी मातीचं काहीच बनलं नाही.

घरी हाच डबा आपण दोन सेकंदांत उघडून देतो. उशीर होतोय, डबा फुटेल, नखं दुखतील. सगळी कारणं प्रेमाची आहेत. पण दिवसभरात असे पंचवीस डबे उघडून दिले की मूल एक धडा घेतं: हे काम माझ्यानं होण्यातलं नाही. वर आपण सांगतो, ‘अरे, तुला सगळं येतं!’ मूल आपल्या शब्दांपेक्षा आपल्या हातांवर जास्त विश्वास ठेवतं. शिवाय घरच्या खेळात आपण नकळत मास्तर होतो. ‘गाड्या किती आहेत, मोज बरं.’ ‘गाय निळी असते का?’ तो खेळ राहत नाही, तोंडी परीक्षा होते.

व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९४७ साली खेळोपचाराची आठ तत्त्वं मांडली. त्यांचं सार असं की वाट मूल दाखवतं, मोठ्यानं मागून चालायचं, घाई करायची नाही, आणि आपले प्रश्न सोडवण्याची मुलाची ताकद मान्य करायची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाड्या उभ्या केल्या त्यामागचा मुलावरचा विश्वास काही फार वेगळ्या जातीचा नव्हता. अर्थात तो शिक्षणाचा मामला, हा उपचाराचा.

खेळणी म्हणाल तर साधी. बॅटरीवर चालणारं काही नाही, कारण ते स्वतःच खेळतं आणि मूल बघत बसतं. तुळशीबागेतून आणलेली भातुकली, डॉक्टरचा संच, हातात घालायच्या बाहुल्या, जनावरं, ठोकळे, रबरी तलवार, बडवायला एक लोड, माती, रंग आणि वाळूचं उथळ खोकं. भातुकलीला मुलगेही हात घालतात, आणि बाबा लोक दारातून ते बघून अस्वस्थ होतात, पण तो वेगळा विषय.

वाळूच्या खोक्याबद्दल मात्र थोडं जास्त लिहिते, कारण ते पुण्याच्या मुलांना मुद्दाम शिकवावं लागत नाही. मार्गारेट लोवेनफेल्ड नावाच्या डॉक्टर बाईंनी १९२०च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या आपल्या क्लिनिकमध्ये मुलांना वाळू आणि लहान लहान वस्तू दिल्या. मुलं त्यातून जे उभं करायची त्याला ती ‘जग’ म्हणायला लागली आणि पद्धतीला तेच नाव पडलं. मी हे पहिल्यांदा शिकले तेव्हा मनात आलं, हा तर आपला दिवाळीतला किल्ला! माती, दगड, गोणपाट, वर पेरलेले हळीव, मावळे, तळं, भुयार. कोण आत, कोण बाहेर, तोफेचं तोंड कुठे, हे सगळं मूल ठरवतं. एका मुलीनं वाळूत दहा आठवडे किल्ला केला आणि त्याला दरवाजा ठेवला नाही. अकराव्या आठवड्यात दरवाजा आला, त्याला कडी बाहेरून. अर्थ लावायच्या फंदात मी पडले नाही. त्याच महिन्यात ती वर्गात ‘पाणी प्यायला जाऊ?’ असं उठून विचारायला लागल्याचं तिच्या आईनं सांगितलं. तोवर ती शाळा सुटेपर्यंत तहान मारून बसायची.

तेव्हा येत्या दिवाळीत तुमच्या मुलाला सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ला करू द्या. तयार रंगवलेला किल्ला विकत मिळतो तो आणू नका. तुम्ही आणि बाबा फक्त माती वाहायची, पाणी आणून द्यायचं, मागितलं तर. बुरूज ढासळला तर ढासळू दे. गडावर महाराजांशेजारी डायनासोर बसवला तर बसू दे. आणि कृपा करून स्पर्धेत नाव देऊ नका, या वर्षी तरी. पहिल्या नंबराचे किल्ले बहुतेक वेळा बाबांनी बांधलेले असतात हे सगळ्या पुण्याला माहीत आहे.

घरी दर आठवड्याला अर्धा तास ठेवा. ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आणि फक्त याच वेळी निघणारी खेळण्यांची एक पिशवी. पिशवीत वर सांगितलेल्यांपैकी दहा-बारा वस्तू पुरे. फोन दुसऱ्या खोलीत. धाकटं भावंड असेल तर ते आजीकडे. सुरुवातीला एवढंच सांगा, ‘हा अर्धा तास तुझा, काय खेळायचं ते तू ठरव.’ मग प्रश्न विचारायचे नाहीत, शिकवायचं नाही, सुचवायचं नाही, दिसतं ते बोलायचं. त्यानं तुम्हाला चोर केलं तर चोर व्हा. ‘मी कसा चोर होऊ? शहाणा की बावळट?’ असं हळूच विचारून त्याच्याकडूनच पार्ट लिहून घ्या. कॅरम किंवा पत्ते काढले तर मुद्दाम हरू नका, मुलांना ते कळतं आणि अपमान वाटतो. पाच मिनिटं उरली की सांगायचं, आणि वेळ झाली की संपवायचं, कितीही रंगात आलं असलं तरी.

हे मी ओझं तुमच्यावर ढकलायला सांगत नाहीये. बर्नार्ड आणि लुईस गर्नी या जोडप्यानं १९६०च्या दशकात पालकांनाच असा खेळ शिकवायला सुरुवात केली. २००५ साली खेळोपचाराच्या ९३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात सरासरी परिणाम चांगला होताच, पण तज्ज्ञांच्या हाताखाली तयार झालेल्या पालकांनी केलेल्या खेळाचा परिणाम तज्ज्ञांच्या स्वतःच्या कामापेक्षाही जास्त दिसला. आमच्या धंद्याला हे फारसं सोयीचं नाही, पण आहे ते असं आहे. तुमच्यासारख्या प्रश्नाला मी बरेचदा मुलाबरोबर आईवडिलांनाच शिकवते.

आजींना एक भीती हमखास वाटेल: असं मोकळं सोडलं तर डोक्यावर बसेल. म्हणून मर्यादेचं सांगते. मर्यादा असतातच, थोड्या आणि पक्क्या. समजा तो वाळू उडवायला लागला. मी तीन वाक्यं बोलते, आवाज न चढवता. ‘तुला वाळू उडवावीशी वाटतेय. वाळू खोक्यात राहते. उडवायला हे कापसाचे बोळे आहेत.’ इच्छा मान्य, कृतीला नाही, आणि पुढे एक वाट. मूल थांबतं तेव्हा ते माझ्या धाकानं थांबत नाही, स्वतःला थांबवतं. ‘मी स्वतःला आवरू शकतो’ हेही आत्मविश्वासातच मोडतं, आणि स्टेजवर भाषण करण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. आजींना आणखी एक विनंती करा: पाहुण्यांसमोर ‘ती कविता म्हणून दाखव’ काही महिने बंद. आणि त्याच्यादेखत ‘हा जरा बुजराच आहे’ हेही बंद. मूल अशी वाक्यं नावासारखी लावून घेतं.

खेळोपचार सुरू करायच्या आधी मात्र काही गोष्टी तपासून घ्या. डोळे आणि कान, हे पहिलं. फळा न दिसणारा मुलगा हात वर कसा करेल? घरी भरपूर बोलतो आणि शाळेत महिनाभराहून जास्त काळ एक शब्दही काढत नाही, असं असेल तर तो निव्वळ लाजाळूपणा नसतो. ती निवडक मौनाची वेगळी तक्रार आहे आणि त्यासाठी शाळेला बरोबर घेऊन काम करावं लागतं. अक्षरं उलटसुलट होणं, वाचताना फार अडखळणं, याकडे तिसरीच्या आसपास लक्ष ठेवा. अध्ययन अक्षमता असेल तर आत्मविश्वास कमी असणं हा परिणाम असतो, मूळ दुसरीकडेच. आणि मुलगा आधी मोकळा होता आणि अचानक असा झाला असेल, एखाद्या व्यक्तीकडे किंवा जागी जायला बिचकत असेल, तर वाट बघू नका, लगेच दाखवा.

कुणाकडे जायचं? मी नावं देत नाही. पाटीवर ‘प्ले थेरपी’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. शिक्षण काय, मुलांबरोबर किती वर्षं काम, त्यांचं काम कोण तपासतं, हे बिनधास्त विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, त्यात संकोच कसला. पहिल्याच भेटीत ‘दहा सेशनमध्ये कॉन्फिडंट करून देतो’ म्हणणाऱ्याकडून उठून या. तुम्हाला आईवडील म्हणून भेटायला जो वेळ काढत नाही त्याच्याकडूनही.

आठवड्यातून एकदा, पाऊण तास, असं साधारण चालतं. माझ्याकडे अशा तक्रारीला १५ ते २० वेळा तरी लागतात, काहींना बरंच जास्त. सुधारणा सरळ चढत नाही. मध्यावर कुठेतरी मूल घरी उलट बोलायला लागतं, ‘मला नको’ म्हणायला लागतं. ‘मॅडम, कॉन्फिडन्स मागितला होता, आगाऊपणा मिळाला,’ असा फोन मला दरवर्षी कुणाचा तरी येतोच. इतके दिवस ज्यानं सगळं गिळलं त्याला आवाज सापडलाय, आता तो किती मोठा लावायचा हे कळायला थोडा वेळ जातो. नेमक्या त्याच वेळी पालक थेरपी बंद करतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

खोलीतून बाहेर आल्यावर ‘आज काय केलंस?’ विचारू नका. त्याला सांगायचं असेल तर रिक्षात बसल्यावर तो स्वतः सांगेल. तुम्हाला काय कळायला हवं ते मी महिन्यातून एकदा भेटून सांगते. खेळातली बारीकसारीक गोष्ट नाही सांगत, ती त्याची असते. अपवाद एकच: त्याच्या जिवाला किंवा शरीराला कुणाकडून धोका आहे असं दिसलं तर ते माझ्यापाशी राहू शकत नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर मुलांना त्यापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानं मला ते कळवावंच लागतं.

आणि जिथे कुठे न्याल तिथे युनिफॉर्ममध्ये नेऊ नका. जुना टी-शर्ट, रंग लागला तरी चालेल अशी चड्डी. ‘कपडे सांभाळ हं’ असं दारात सांगून आत पाठवलेलं मूल पहिली वीस मिनिटं बाह्याच सावरत बसतं.